अ‍ॅक्शन फिगर ग्रेड करून घ्यायची, की आहे तशीच ठेवायची?

माळ्यावरच्या ट्रंकेत फनस्कूलचा न फोडलेला जी.आय.जो (खेळण्यातला सैनिक) सापडला, किंवा अमेरिकेतल्या मावशीने कधीकाळी आणलेला, केनर या अमेरिकन कंपनीचा स्टार वॉर्समधला डार्थ व्हेडर हाती लागला, की दोन प्रश्न पाठोपाठ येतात. किती येतील? आणि आधी ग्रेडिंग करून घेऊ का? दुसऱ्याचं उत्तर बहुतेकांसाठी "नको" असंच आहे. पण ज्यांच्यासाठी "हो" आहे, त्यांनी चालढकल करू नये.

या धंद्यात सगळ्यांत ओळखीचं नाव अमेरिकेतल्या अ‍ॅक्शन फिगर अथॉरिटीचं, म्हणजे एएफएचं. अमेरिकेतच कलेक्टर आर्काइव्ह सर्व्हिसेस (सीएएस) आहे, ब्रिटनमध्ये यूके ग्रेडर्स आहेत. तुम्ही फिगर पाठवता, ते तपासतात, शंभरापैकी आकडा देतात आणि कडक अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत सीलबंद करून परत करतात. न फोडलेल्या फिगरला मागचं पुठ्ठ्याचं कार्ड, वरचा प्लास्टिकचा बबल आणि आतली फिगर असे वेगवेगळे आकडेही मिळतात. बाजाराची नजर 85 वर असते. 80 वाईट नाही, पण 80 आणि 85 मधला फरक साध्या डोळ्यांना जेमतेम दिसतो, किमतीत मात्र ठळक दिसतो.

केनर: इथे पैसे वसूल होतात

केनरने 1978 मध्ये स्टार वॉर्सच्या पावणेचार इंची फिगर दुकानांत आणल्या. ल्यूक, व्हेडर आणि ओबी-वान या पात्रांच्या अगदी सुरुवातीच्या थोड्या नगांत हातातून सरकणारी तलवार दोन टप्प्यांत बाहेर येते. नंतरच्या सगळ्यांत एकाच टप्प्यात. हा एवढासा फरक, पण किंमत कितीतरी पटीने वाढते. जावा या स्टार वॉर्समधल्याच बुटक्या पात्राची गोष्ट तशीच. तो आधी प्लास्टिकचा अंगरखा घालून आला, मग लवकरच कापडाचा आला. प्लास्टिकवाला दुर्मीळ, त्यामुळे ओबी-वानचा अंगरखा कापून जावाला चढवणारे महाभाग वर्षानुवर्षं आहेत. रंगछटा, जाडी, कापलेली कड, सगळं बघावं लागतं आणि ते फोटोवरून जमत नाही. घेणाऱ्याला नेमकी हीच भीती असते, म्हणून त्रयस्थाने तपासलेल्या नगाला तो बिनदिक्कत जास्त मोजतो.

या छंदात पैसा कुठवर जातो याची कल्पना हवी असेल तर केनरचाच, स्टार वॉर्समधला, रॉकेट उडवणारा बोबा फेट बघा. रॉकेट मुलांच्या घशात अडकेल या धास्तीने तो दुकानात आलाच नाही, फक्त नमुने उरले. त्यातला एक 2024 मध्ये हेरिटेज या अमेरिकन लिलावघराच्या लिलावात 5,25,000 डॉलरना गेला. अशा वस्तूच्या बाबतीत ग्रेडिंगची फी हा चर्चेचा विषयच नाही.

फनस्कूल: इथे हिशोब उलटतो

फनस्कूल ही एमआरएफ समूहाची कंपनी, तिचा पहिला कारखाना गोव्यातला. हॅसब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीच्या परवान्याने बनलेल्या तिच्या जी.आय.जोंचे रंग कधीकधी असे काही जुळवलेले असतात की अमेरिकन संग्राहक त्यावरच फिदा होतात. पण म्हणून घरातला प्रत्येक सीलबंद नग सोन्याचा ठरत नाही. यातल्या बऱ्याच फिगर पुढे परदेशी विक्रेत्यांनी घाऊक उचलून तिकडे विकल्या. सीलबंद मिळणं तिथे फारसं अप्रूपाचं नाही. नेहमीच्या पात्रावर ग्रेडिंगचा खर्च चढवला तर तो किमतीतून निघणं कठीण.

आणि खर्च म्हणजे नुसती फी नव्हे. जाताना-येताना कुरिअर, विमा, आणि आपल्याकडचं सीमाशुल्क. खेळण्यांवरचं मूळ शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्क्यांवर गेलं आणि 2023 च्या अर्थसंकल्पात 70 झालं. त्यात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचा शिक्का बंधनकारक आहे. दुरुस्तीला किंवा तपासणीला पाठवलेली वस्तू परत आणायची सोय कायद्यात आहे, पण त्यासाठी पाठवतानाच कागदपत्रं चोख लागतात. नाहीतर गोव्यात जन्मलेला जी.आय.जो परदेशी माल म्हणून मुंबईत अडकायचा. पुण्या-नाशकात राहणाऱ्याने हे सगळं एका फिगरसाठी करू नये. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला मात्र हा प्रश्नच नाही, त्याने फक्त किमतीचा विचार करावा.

लूज फिगर

पाकिटाबाहेरची, खेळलेली फिगर. इथे मी जवळजवळ नेहमी नाहीच म्हणेन. अपवाद वरच्या जावासारखे, जिथे प्रश्न खऱ्याखोट्याचा आहे. बाकी वेळी गिऱ्हाईक सांधे सैल आहेत का, रंग उडालाय का आणि बंदूक मूळची आहे की नक्कल, एवढंच बघतं. हे चांगल्या फोटोंत दाखवता येतं.

जी.आय.जोच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. 1982 पासूनच्या या फिगरचे वरचं अंग आणि पाय कमरेतल्या एका काळ्या रबरी कड्याने जोडलेले असतात. ते रबर वाळतं आणि तुटतं. बाहेर ठेवलेल्या फिगरचा पाठीवरचा स्क्रू काढून नवं कडं टाकायला दहा मिनिटं पुरतात. सीलबंद पेटीत ते तुटलं तर 85 चा आकडा डोक्यावर मिरवत फिगर दोन तुकड्यांत पडून राहते. दुरुस्त करायची तर सील फोडा, म्हणजे ग्रेड गेला.

जपायचंच असेल तर

"विकायचं नाही, टिकवायचंय" म्हणणाऱ्यांसाठी ग्रेडिंग हा महागडा डबा आहे. न ग्रेड करता वापरायच्या, उघड-झाप होणाऱ्या अ‍ॅक्रिलिक पेट्या मिळतात आणि कोकण-गोव्याच्या दमट हवेत मला त्याच बऱ्या वाटतात. पावसाळ्यात कार्डाला बुरशी धरली किंवा कसर लागली तर उघडून बघता येतं, सिलिका जेलची पुडी बदलता येते. बबल पिवळा पडणं मात्र कुठलीच पेटी पूर्ण थांबवत नाही. चांगलं अ‍ॅक्रिलिक ऊन अडवेल, प्लास्टिकचं वय नाही अडवणार. खिडकीसमोरचं कपाट टाळा, हा फुकटचा उपाय त्याहून मोठा.

विकायचंच असेल आणि माल मध्यम किमतीचा असेल, तर ग्रेडिंगऐवजी फोटोंवर मेहनत घ्या. कार्डाचे चारही कोपरे, अडकवायचं भोक फाडलेलं आहे की शाबूत, बबलची कड कुठे सुटलीय का, किमतीचं स्टिकर काढताना कागद सोलला गेलाय का. दोष आधीच दाखवलेला विक्रेता घासाघीस कमी सोसतो.

उलट बाजूने, म्हणजे विकत घेताना, भारी केनर असेल तर ग्रेड झालेलाच घ्या. फक्त आकड्यावर भाळू नका. एकूण आकड्याच्या आड बबलचा कमी आकडा लपलेला असू शकतो, तो मागा. पेटीच्या कडा खरवडलेल्या किंवा डिंकाचे डाग असलेल्या दिसल्या तर लेबलवरच्या क्रमांकाची ग्रेडिंग कंपनीकडे चौकशी करून मगच पैसे द्या.