कोड-अ‍ॅस्टर, आठ महिन्यांनंतर: मानशीच्या दारावरचा पाण्याचा दाब

फोंड्यात आमचं छोटं डिझाइन ऑफिस आहे. खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली सखल जमीन; तिच्या बांधात मानस, म्हणजे पाणी अडवणारी-सोडणारी वाट असते. भरतीचं पाणी चढलं की तिचं दार आपसूक मिटतं, ओहोटीला उघडतं. अशा एका दाराचं पोलादी डिझाइन आलं, तेव्हा मी कोड-अ‍ॅस्टर हातात घेतलं. भार दिला की वस्तूवरचे ताण मोजणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, हे पहिलं कारण.

दार २.४ मीटर उंच, वर बिजागरी, खाली उंबरा, उधाणाचं पाणी २ मीटर. खाऱ्या पाण्याची घनता घनमीटरला १०२५ किलो धरली तर तळाशी दाब २०.१ किलोपास्कल आणि मीटरभर रुंदीवर एकूण बलही २०.१ किलोन्यूटन. हेच बल भिजलेल्या भागावर सारखं पसरलं तर बेरीज जुळते, पण उंबऱ्याच्या वाट्याला १४.५ऐवजी ११.७ किलोन्यूटनच येतात. उंबरा कच्चा राहील. म्हणून सरासरी दाबाचा शॉर्टकट मी कायमचा सोडला.

या सॉफ्टवेअरमध्ये भाराच्या आज्ञेला नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला जोडीदार आहे. त्याला आकड्याऐवजी फंक्शन द्यायचं: उंची शून्यला इतका दाब, २००० मिलिमीटरला शून्य. दोन बिंदू, झालं. मला हे फार आवडलं, कारण भार फाइलीत वाचता येतो.

चूक मात्र माझ्याकडून झाली. या दोन बिंदूंच्या पुढे दाब काय धरायचा, तिथे मी ‘लिनिएर’ लिहिलं. बिजागरी आणि उंबऱ्यावरच्या प्रतिक्रियांची बेरीज १९.३ आली. चार टक्क्यांचाच फरक, मेशचा (हिशेबासाठी दाराचे पाडलेले छोटे तुकडे) असेल म्हणून सोडून देणार होतो. मग दाबाचं चित्र उघडलं, तर पाण्यावरची ४० सेंटिमीटर पट्टी नदीकडे ओढली जात होती! रेषा तशीच वर जाऊन दाब उणे झाला होता. ‘कॉन्स्टंट’, म्हणजे शेवटचाच आकडा पुढे, असं केलं आणि २०.१ आले. काहीच लिहिलं नसतं तर प्रोग्रॅम एरर देऊन थांबला असता, आणि तेच बरं झालं असतं.

तेव्हापासून पाण्याच्या पातळीवर मेशची एक रेषा पाडतो आणि हाताने काढलेलं बल व मोमेंट (बलाचा फिरवणारा परिणाम) दोन्ही ताडून बघतो.

एककं प्रोग्रॅम विचारत नाही, ती आपणच सांभाळायची. मूळ कागदपत्रं फ्रेंच, पहिले दोन महिने त्यातच गेले. पण आत ०.८ मीटर पाणी असताना मागच्या बाजूला दुसरं फंक्शन लावलं आणि त्या पातळीखाली निव्वळ दाब सगळीकडे १२.१ किलोपास्कल आला, तेव्हा ते दोन महिने वसूल झाले.