कापडी ग्रो बॅगेत हिवाळी फुलं : जळगावच्या गॅलरीतला अनुभव

दिवाळीच्या आधी जिओ फॅब्रिकच्या (हवा खेळणाऱ्या जाड कापडाच्या) ग्रो बॅगा घेतल्या, ९ आणि १२ इंची. आता फेब्रुवारी सरत आलाय आणि गॅलरी अजून रंगांनी भरलेली आहे. खान्देशातल्या हिवाळ्यासाठी या बॅगा मला प्लास्टिकच्या कुंड्यांपेक्षा सरस वाटल्या.

मुख्य फायदा मुळांचा. प्लास्टिकच्या कुंडीत मुळं कडेला जाऊन गोल गोल फिरतात. कापडाला लागली की हवेने त्यांची टोकं सुकतात आणि मागून नवे फाटे फुटतात. पिटुनिया त्यामुळे घेरदार झाला. मात्र आपली काळी माती नुसती भरू नका. ती पाणी धरते, फुगते आणि सुकली की भेगाळते. मी पोयटा, धुतलेलं कोकोपीट आणि गांडूळखत सारख्या प्रमाणात घेतलं, वर थोडी निंबोळी पेंड.

गॅलरी दक्षिणेला असेल तर हिवाळा तुमचाच. डिसेंबरात इथे भर दुपारीही सूर्य जेमतेम ४५ अंशांवर असतो, त्यामुळे ऊन थेट दारापर्यंत आत येतं. मे महिन्यात तो डोक्यावर जातो आणि वरच्या स्लॅबची सावली पडते. पिटुनिया, पँझी, डायँथस, कॅलेंडुला या उन्हावर खूश. थंडी वाढली तशी शोभेच्या कोबीची मधली पानं गडद जांभळी झाली. कोलियस मात्र रात्री पारा १० अंशांखाली आला की मान टाकतो. त्याची बॅग कानाला (कडेच्या पट्ट्याला) धरून रात्री घरात घ्यायची. कुंडी अशी उचलणं जड जातं.

पॉइन्सेटियासाठी खरी मेहनत लागली. त्याची वरची पानं लाल व्हायला ६ ते ८ आठवडे रोज सलग १४ तास अंधार हवा, आणि आमच्यासमोर रस्त्याचा दिवा. ऑक्टोबरपासून संध्याकाळी ५ ते सकाळी ८ पुठ्ठ्याचं खोकं झाकलं. नाताळात ते झाड असं लाल झालं, की शेजारच्या मावशी म्हणाल्या, "माले बी एक रोप दे वं माय!"

तोटेही आहेत. कापड सगळीकडून सुकतं. जानेवारीत एकदा पाणी पुरायचं, आता सकाळ-संध्याकाळ द्यावं लागतं. बोअरच्या पाण्याने बाहेरून क्षारांचे पांढरे डाग पडतात. ताटली नसेल तर खालच्या मजल्यावर थेंब जातात, आणि एका बॅगेचा कान शिलाईतून उसवला. घेताना दुहेरी शिलाई बघाच. ढगाळ हवेत मावा ही कीड आली, तेव्हा लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवारलं. सुकलेली फुलं खुडत राहिलं तरच नवी येतात.

मार्चच्या उन्हात पँझी संपेल. मग बॅगा धुऊन ठेवायच्या, आणि त्यातल्या मातीतली कीड-रोग मारायला ती ओलसर करून मे महिन्यात पारदर्शक प्लास्टिकखाली गच्चीवर तापवायची. जळगावचं ४३-४४ अंशांचं ऊन त्या कामाला उत्तम.