नवा रंग, जुना ब्रेक

ह्यूस्टनच्या दक्षिणेला, क्लिअर लेकजवळ आम्ही राहतो. घरी एक जुनी एकवीस फुटी बोट आहे. ट्रेलरसकट वजन ४,८०० पौंडांच्या आसपास. टेक्सासमध्ये ४,५०० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, तसे आमच्याला सर्ज ब्रेक आहेत. गाडीने ब्रेक मारला की ट्रेलर मागून ढकलतो, त्या ढकलण्याने पुढच्या दांडीवरचा ॲक्च्युएटर आत सरकतो, त्यातला मास्टर सिलिंडर (ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग) दाबला जातो आणि ट्रेलरच्या डिस्क आवळल्या जातात. गाडीत वेगळं बटण नाही, कंट्रोलर नाही.

गेल्या वसंतात घराच्या चढावर ट्रेलर रिव्हर्स घेताना चाकं जाम व्हायला लागली. शेजाऱ्याने सुचवलेल्या दुकानात नेला. माणूस बोलायला गोड. त्याने माझ्यासमोर ट्रेलर मागे ढकलून दाखवला, चाकं आवळली. "ॲक्च्युएटर गेला. खाऱ्या पाण्यात हेच होतं. नवीन टाकावा लागेल, १,३५० डॉलर. कॅश दिलीत तर टॅक्स सोडतो." सव्वाआठ टक्के टॅक्स म्हणजे शंभराच्या वर डॉलर. मी खूश. बिलावर हाताने एकच ओळ होती: ब्रेक जॉब, पूर्ण. तेव्हा ती खटकली नाही, हे लिहितानाही लाज वाटते.

तीन दिवसांनी ट्रेलर आणला. पुढे काळाकुळकुळीत ॲक्च्युएटर, रिव्हर्सही लोण्यासारखा.

दोन महिन्यांनी गॅल्व्हेस्टनहून परतताना आय-४५ हायवेवर पुढची गाडी अचानक थांबली. मी ब्रेक मारला आणि मागून असा धक्का बसला की बायकोच्या हातातला डबा डॅशबोर्डवर. ट्रेलर थांबत नव्हता, ढकलत होता.

घरी येऊन ॲक्च्युएटरचं झाकण उघडलं. ब्रेक ऑइल तळाला, रंग कोऱ्या चहासारखा. नवीन ऑइल ओतताना थोडं बाहेर सांडलं. ब्रेक ऑइल रंग खातं, म्हणून लगेच फडक्याने पुसलं, तर फडक्याबरोबर काळा रंग सुरकुतत निघून आला. खाली गंजाचे पापुद्रे. आणि डाव्या बाजूला तोच पोचा, जो मी चार वर्षांपूर्वी बोट पाण्यात उतरवायच्या रॅम्पच्या खांबावर आपटून पाडला होता. जमिनीवर बसून त्या पोच्याकडे किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक.

मग रिव्हर्स सुधारला कसा? प्लगपासून वायर चाचपत गेलो. निळ्या वायरवर एक नवाकोरा जोड सापडला. सर्ज डिस्क ब्रेकच्या ट्रेलरला बहुधा सपाट पाच पिनांचा प्लग असतो. पाचवी पिन गाडीच्या रिव्हर्स लाइटचा करंट घेऊन सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या वाल्वला, देते आणि रिव्हर्स घेताना ब्रेक लागू देत नाही. ती वायर तुटली होती, बस. त्याने जोड मारला, जुन्या लोखंडावर स्प्रे मारला आणि १,३५० घेतले. तुमचा ट्रेलर रिव्हर्सला अडत असेल तर दुकानात जाण्याआधी प्लग जोडून, गाडी रिव्हर्समध्ये टाकून सोलेनॉइडपाशी त्या निळ्या वायरला टेस्टर लावा. दिवा लागला नाही तर दोष वायरिंगमध्ये.

दुकानात गेलो. तो म्हणाला, "नवीन असं मी कुठे लिहिलंय?" खरंच नव्हतं. जस्टिस कोर्टात, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, २०,००० डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो, पण पुराव्याला माझ्याकडे ती एक ओळ. कार्डाने दिले असते तर निदान बँकेकडे भांडता आलं असतं.

शेवटी घरीच केलं. जुना सिलिंडर आतून खड्डे पडून गळत होता. आमचा ॲक्च्युएटर बोल्टवर आहे, वेल्डिंगवर नाही, म्हणून अख्खा बदलला. घेताना डिस्क ब्रेकसाठीचाच घ्यावा लागतो. ड्रम ब्रेकचा दिसायला अगदी तसाच, पण त्यातल्या वाल्वमुळे लाइनमध्ये दाब राहतो आणि डिस्क घासत राहतात. ब्रेकच्या लाइनमधली हवा काढायला बायको पुढे पट्टीने ॲक्च्युएटर दाबत होती, मी सर्वांत लांबच्या चाकाखाली नळी आणि बरणी धरून. "दाब... धर... सोड." नळीतले बुडबुडे थांबायला दीड तास लागला. मग चाक जॅकवर उचलून फिरवलं, तिने दाबलं, चाक जागच्या जागी थांबलं.

पुण्यात बाबा स्कूटर गॅरेजला टाकायचे तेव्हा जुना पार्ट मागून घरी आणायचे. माळ्यावर क्लच प्लेटांचा ढीग होता, आई कावायची. इथे मला मागायला संकोच वाटला, माणूस काय म्हणेल म्हणून.

गेल्या महिन्यात चाकांचे बेअरिंग दुसऱ्या एका दुकानात बदलले. काउंटरवर जुने मागितले. त्या बाईने न विचारता खालून एक पिशवी काढली, तेलकट, माझं नाव लिहिलेली.