गच्चीवरच्या बागेसाठी दिलेले १,२३,५०० रुपये

हा अनुभव लिहायला मला जवळजवळ वर्ष लागले, कारण इतके दिवस माझ्या सख्ख्या भावालाही मी खरी रक्कम सांगितलेली नव्हती. त्याला मी 'चाळीसेक हजार गेले' असे सांगितले होते. प्रत्यक्षात १,२३,५०० रुपये गेले आणि त्यानंतर घर राहण्याजोगे करण्यासाठी आणखी १,१०,५०० रुपये खर्च झाले. आता लिहिते आहे ते एवढ्यासाठीच की आपल्यासारखीच बागेची आवड असलेल्या माणसाकडून आपण फसवले जाऊ, ही शंकासुद्धा मला आली नव्हती, आणि माझी खात्री आहे की ती तुम्हालाही येणार नाही.

आम्ही नवी मुंबईत सिडकोने बांधलेल्या जुन्या रो-हाउसमध्ये राहतो. वर ४८० चौरस फुटांची गच्ची आहे. आमच्या भागातले बागेचे वेडे असलेले पंधरा-वीस जण गेली तीन-चार वर्षे दर रविवारी सकाळी एका उद्यानात जमतात. कोणी जास्वंदीच्या फांद्या आणतो, कोणी घरच्या गांडूळखताची पिशवी, कोणी अडेनियम या फुलझाडाच्या शेंगा. गच्ची कुठून झिरपते, कुंडीला भोके किती पाडावीत, कोकोपीट किती मिसळावे, असे प्रश्न तेथे विचारायचे आणि ज्याने ते स्वतः करून पाहिले आहे त्याने उत्तर द्यायचे, असा आमचा साधा रिवाज होता. त्या सल्ल्यांमुळे माझी बाग उभी राहिली, हे मी आजही मान्य करते.

पुढे ज्याने मला फसवले तो गृहस्थ नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथे येऊ लागला. वय पंचेचाळीसच्या आसपास, बोलणे अत्यंत मृदू, प्रत्येक बाईला 'ताई' आणि ज्येष्ठांना 'काका'. माझ्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण झाला होता आणि मी दोन महिने नुसते कडुनिंबाचे तेल फवारत होते. त्याने सांगितले, 'ताई, आधी मुंग्या आवरा. मुंग्याच त्याला फांदीफांदीवर नेतात. तेल मग लिटरला पाच मिली, दोन थेंब भांड्यांचा साबण, आणि फवारायचे संध्याकाळीच.' तीन आठवड्यांत झाड स्वच्छ झाले. लिंबाची फुले का गळतात, हेही त्याने कुंडीत बोट घालून, तळाशी पाणी साचल्याचे दाखवून सांगितले. हे सगळे सल्ले खरे होते. त्याने मला एकही चुकीचा सल्ला दिला नाही, आणि येथेच माझा घात झाला, कारण ज्याचे ज्ञान खरे तो माणूसही खरा, असे मी न कळत धरून चालले.

जानेवारीत तो चहाला आमच्या घरी आला आणि गच्चीवर गेला. कठड्याच्या आणि स्लॅबच्या सांध्यावरचा सिमेंटचा वाटा, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून केलेली गोलाई, त्याने अंगठ्याने दाबला, तर तेथून पापुद्रा सुटून खाली पडला आणि आत केसाएवढी भेग दिसली. अर्ध्या कापलेल्या पिंपात भिजलेली माती दीडशे किलोच्या वर जाते, असली सहा पिंपे स्लॅबच्या मध्यावर ठेवणे धोक्याचे आहे, ती भिंतीच्या आणि तुळईच्या जवळ हलवा, असे त्याने सांगितले. यातही काही खोटे नव्हते. नंतर आलेल्या अभियंत्यानेही तेच सांगितले.

मार्चमध्ये त्याने रविवारच्या भेटीत प्रस्ताव मांडला. पाच-सहा जणांनी एकदम गच्चीचे काम काढले तर रसायनाचे ड्रम घाऊक भावाने मिळतील, कारागीर एकच, आणि मजुरीही कमी. मला दिलेल्या अंदाजपत्रकात जुना कोबा (स्लॅबवरचा सिमेंटचा थर) काढून नवे वॉटरप्रूफिंग व वर चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांचा थर) १६५ रुपये चौरस फुटाने ७९,२००, बारा लोखंडी स्टँड २८,२००, टायमरसह ठिबक सिंचन १८,५००, आणि पिशव्या, माती, खत मिळून २२,१००, असे एकूण १,४८,००० रुपये होते. भाव अवास्तव स्वस्त नव्हता. असता तर मी सावध झाले असते. 'फार स्वस्त मिळाले की फसवणूक समजावी' हा जो सल्ला सगळे देतात, तो येथे काहीच उपयोगाचा नव्हता, हे कृपया लक्षात घ्या.

२ एप्रिलला मी ११,००० रुपये रोख दिले. त्याची पावती साध्या वहीतल्या कागदावर घेतली.

१४ एप्रिलचा प्रसंग मी रोज आठवते. त्याने ६०,००० रुपये मागितले आणि एक क्यूआर कोड पाठवला. मी तो स्कॅन केल्यावर पडद्यावर त्याचे नाव आले नाही, एका बाईचे नाव आले. मी लगेच फोन केला, म्हणजे शंका मला आली होती, हे मला येथे नोंदवायचे आहे. तो म्हणाला, 'ताई, आज आंबेडकर जयंतीची सुट्टी आहे ना, बँक बंद, माझ्या चालू खात्यात पैसे अडकतील. हे वहिनींचे खाते आहे, यावर टाका.' यूपीआय सुट्टीच्या दिवशीही चालते, चोवीस तास चालते, हे मला माहीत होते. त्याच सकाळी मी दूधवाल्याचे पैसे यूपीआयने दिले होते. एकतीस वर्षे मी एका कंपनीच्या लेखा विभागात दुसऱ्यांची बिले तपासली. तरीही मी त्या अनोळखी नावाखाली माझा सहा आकडी पिन टाकला, कारण खालच्या मजल्यावर पाहुणे बसले होते आणि ज्या माणसाने माझी जास्वंद वाचवली त्याला उलटतपासणी घेतल्यासारखे प्रश्न विचारणे मला बरे वाटले नाही. पडद्यावर जे नाव येते ते बँकेतल्या खात्याचे नाव असते. ते जुळत नसेल तर पैसे पाठवू नका, पाहुणे बसलेले असोत की कोणी रागावो.

नंतर त्याने छापील बिल दिले. त्यावर जीएसटी क्रमांक होता म्हणून मी निश्चिंत झाले. तो क्रमांक मी जूनमध्ये मोजला. त्यात चौदाच अक्षरे होती, पंधरा असायला हवीत. सुरुवात २४ ने होती, जो गुजरातचा संकेतांक आहे. महाराष्ट्राचा २७. जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही लॉगिन न करता क्रमांक टाकून नाव पाहता येते आणि त्याला अर्धा मिनिट लागतो. नोकरीत असताना ही खात्री केल्याशिवाय मी एकही बिल पुढे जाऊ दिले नसते.

९ मे रोजी 'ड्रम वाहतूकदाराकडे अडकले आहेत' म्हणून ४५,००० रुपये पुन्हा त्याच वहिनींच्या खात्यावर गेले. १२ मे रोजी चार मजूर आले. त्यांना पाहून माझी उरलीसुरली शंकाही गेली. पाच दिवस त्यांनी जुना कोबा फोडला, अगदी स्लॅबपर्यंत, आणि राडारोडा उचलण्याचे म्हणून त्याने ७,५०० रुपये रोख नेले. राडारोडा उचलला गेला नाही. दुसरे कोणी आलेच नाही. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला, नेहमीपेक्षा पंधरवडाभर आधी, आणि त्या रात्री आमच्या उघड्या स्लॅबमधून शयनगृहात पाणी गळू लागले. पंख्याच्या हुकाभोवती आधी एक तपकिरी वर्तुळ उमटले, मग त्यातून धार लागली. माझे यजमान हृदयरोगी आहेत. रात्री दोन वाजता आम्ही दोघांनी पलंग ओढून दिवाणखान्यात आणला. त्याचा फोन २७ तारखेपर्यंत वाजत होता. नंतर तो बंद झाला.

जे त्यानंतर उघडकीला आले ते मला पैशांपेक्षा अधिक लागले. पुढच्या रविवारी आम्ही पाच जण समोरासमोर बसलो तेव्हा प्रत्येकाचा आकडा कळला. माझे १,२३,५००, दुसऱ्यांचे १,०५,०००, मग ८८,०००, ६४,००० आणि ४१,०००, एकूण ४,२१,५०० रुपये. मला त्याने सांगितले होते की आमच्यातल्या एका काकांची गच्ची पूर्ण झाली. काकांना सांगितले होते की माझी पूर्ण झाली. आणि नेरुळहून येणाऱ्या ताईंनी पैसे दिले ते केवळ 'तुम्ही दोघांनी दिले म्हणजे चौकशी केलीच असेल' म्हणून. एकमेकांच्या घरी अडेनियमचे फूल पाहायला आम्ही रिक्षा करून गेलो आहोत, पण झालेली म्हणून सांगितलेली गच्ची पाहायला पाचांपैकी एकही जण गेला नाही. कोणी काम दिले असे ऐकलेत तर ते काम जाऊन पाहा. गळती तपासायला गच्चीत पाणी भरून दोन दिवस ठेवले होते का, हे त्या घरच्या माणसाला विचारा.

मला मूर्ख म्हणणारे बरेच भेटले. त्यांना माझे सांगणे एवढेच आहे की मी अनोळखी फोनवरून आलेल्या माणसाला पैसे दिले नाहीत, पाच महिने दर रविवारी शेजारी बसलेल्या माणसाला दिले.

३ जूनला मी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. शेवटच्या यूपीआय व्यवहाराला तोवर २५ दिवस झाले होते. ते खाते गोठवले गेले तेव्हा त्यात १,१४० रुपये शिल्लक होते. पहिल्या काही तासांतच हा फोन करावा लागतो. काम अर्धवट पडले असले आणि माणूस 'उद्या येतो' म्हणत असला तरीही मनात शंका आली त्याच दिवशी करा, मी त्याच्या 'उद्या'ची वाट पाहत बसले.

४ जूनला मी पोलीस ठाण्यात गेले. तीन तास बसवून ठेवल्यावर मला सांगण्यात आले की कामाचे पैसे घेऊन काम पूर्ण केले नाही, ही दिवाणी बाब आहे, वकील करा. मी म्हणाले की खोटा जीएसटी क्रमांक, दुसऱ्याच्याच नावाचे खाते आणि पाच जणांना एकाच पद्धतीने फसवणे ही दिवाणी बाब कशी. उत्तर आले की पैसे ऑनलाइन गेले ना, मग सायबरवाल्यांकडे जा. सायबर विभागात सांगितले की तुम्ही त्याला ओळखत होता, तो घरी येत होता, म्हणजे हा सायबर गुन्हा नाही, तुमच्या ठाण्यातच जा. असे मी दोन्हीकडे मिळून सात वेळा गेले. एका हवालदाराने मला 'काकू, या वयात कशाला एवढी बाग' असे विचारले. चौथ्या खेपेला माझा अर्ज घेतला, पण पोच द्यायला नकार दिला, तेव्हा मी उठले नाही, आणि शिक्का मारून मिळेपर्यंत बाकावर बसून राहिले. शिक्का आणि तारखेशिवाय अर्ज देऊन घरी येऊ नका. तो अर्ज दिलाच नाही असे पुढे तुम्हाला सांगितले जाईल.

शेवटी एका ओळखीच्या वकिलांनी दाखवले की भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणूक हा दखलपात्र गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि ठाण्याने गुन्हा नोंदवून घेतला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांकडे लेखी टपालाने तक्रार पाठवता येते व त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. पाचही जणांच्या सह्यांचे पत्र गेले, तेव्हा २९ ऑगस्टला गुन्हा नोंदवला गेला, म्हणजे पहिल्या फेरीनंतर ८६ दिवसांनी. तेवढ्या काळात दुसरा सिमकार्ड काय, दुसरे गाव गाठता येते. त्यानंतर तपास अधिकारी दोनदा बदलले आणि प्रत्येकाला मी तीच हकीकत पहिल्यापासून सांगितली. ज्या 'वहिनीं'च्या खात्यात पैसे गेले त्यांचे नाव, पत्ता, आधार सारे काही बँकेकडे आहे. त्या बाईंचा जबाब घेतला का, या माझ्या प्रश्नाला अद्याप उत्तर मिळालेले नाही. बँकेनेही २७ दिवसांनी दोन ओळींचे पत्र पाठवले की पिन आपणच टाकलेला असल्याने बँक जबाबदार नाही.

डिसेंबरमध्ये दुसऱ्या कारागिराकडून आम्ही गच्ची करून घेतली. ९६,००० रुपये त्याला आणि छताच्या गिलाव्याला १४,५००. या वेळी एक पैसाही आगाऊ दिला नाही, माल गच्चीवर आल्यावर मालाचे पैसे, आणि शेवटचा हप्ता पाणी भरून अठ्ठेचाळीस तास ठेवल्यावर. काम करणाऱ्याला ही अट मान्य होती. ज्याला मान्य नव्हती असे दोघे आधी येऊन गेले.

एक गोष्ट मला फार उशिरा सुचली. आमच्यात प्रत्येक जण रविवारी काही ना काही घेऊन येतो, निदान तुळशीचे बी तरी. तो पाच महिने आला आणि स्वतःच्या घरची एक फांदीही त्याने कधी आणली नाही. त्याची बाग कोठे आहे हे कोणी विचारले नाही, कारण एवढे जाणणाऱ्या माणसाची बाग असणारच असे आम्ही गृहीत धरले होते. गेल्या महिन्यात पनवेलकडच्या अशाच एका मंडळींत सुपारीच्या झाडांबद्दल अचूक सल्ला देणारा, सगळ्यांना 'ताई' म्हणणारा एक गृहस्थ येऊ लागल्याचे कानावर आले. मी गुन्ह्याच्या नोंदीची प्रत घेऊन येत्या रविवारी तेथे जाणार आहे.