मदरबोर्ड गेला म्हणाला, गेली होती फ्लॉपी

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. तिथलं कटिंग मशीन अजून डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या जुन्या सिस्टिमच्या) पीसीवर चालतं आणि तो पीसी फ्लॉपीवरून सुरू होतो. हसू नका, मशीन ठणठणीत आहे. एरवी मिनिटभरात तयार व्हायचा तो जुलैच्या पावसात ७-८ मिनिटं घ्यायला लागला. ड्राइव्हमधून नुसतं खर्र... टक... खर्र.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तोंडावर ऑर्डरी अडकलेल्या. फोंड्याहून एक रिपेअरवाला बोलावला. झाकणाचा एक स्क्रूही न काढता म्हणाला, "पात्रांव, मदरबोर्ड गेला." सीपीयू उचलून नेला, तीन दिवसांनी आणला, ४,५०० रुपये घेतले. पावती नाही. जुनी फ्लॉपी "ही पण ठेवा" म्हणून हातात दिली. पीसी झटकन सुरू झाला आणि मी खूश.

दहा दिवसांत पुन्हा खर्र. या वेळी मी स्क्रीनसमोर बसून राहिलो. सुरुवातीला मेमरी मोजताना आकडा ६५५३६ वर थांबायचा, तो ३२७६८ लाच थांबला. निम्मी रॅम गायब! झाकण उघडलं. मदरबोर्डवर बॅटरीशेजारी बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका, जम्परच्या (सेटिंग बदलायच्या छोट्या पिनेच्या) खुणेसाठी मीच लावलेला. म्हणजे मदरबोर्ड तोच!

मग जुन्या फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवलं. काळ्या चकतीवर पांढरे ठिपके, बुरशी. गोव्याच्या पावसात लोणच्याला लागते तशी हिलाही लागते. चकती मिनिटाला ३०० फेरे घेते, एका फेऱ्यात जेमतेम १८ सेक्टर (माहितीचे अर्ध्या केबीचे तुकडे), म्हणजे सगळं सुरळीत असलं तरी सेकंदाला ४५ केबी. एक सेक्टर वाचता आला नाही की हेड (चकती वाचणारा भाग) शून्य ट्रॅकपर्यंत, म्हणजे चकतीच्या अगदी बाहेरच्या वर्तुळापर्यंत, मागे जाऊन परत येतं, पुन्हा वाचायला बघतं. तोच तो आवाज. यात मदरबोर्डचा काय संबंध? गड्याने फक्त नव्या फ्लॉपीवर कॉपी मारली होती, तीही हेड न पुसता, म्हणून नवीवरही गोल ओरखडा उठला.

तुमच्याकडे असं जुनं धूड असेल तर आधी क्लीनिंग डिस्कने हेड पुसा, मगच दुसरी चांगली फ्लॉपी घालून बघा. सीपीयू न्यायला आलाच कोणी, तर मेमरीच्या आकड्याचा फोटो त्याच्यासमोर काढा.

रॅमसाठी त्याला फोन केला. "येतो, पात्रांव, उद्याच," म्हणाला. चवथ होऊन गेली.