जुन्या मासिकांत लष्करी मल्टी-फ्युएल इंजिनं शोधताना: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लष्करी मल्टी-फ्युएल (एकाहून जास्त प्रकारच्या इंधनांवर चालणाऱ्या) इंजिनांवर १९५० ते ७० च्या दशकांत मासिकांत काय छापून येत होतं, ते हुडकायला मी गेले कित्येक महिने तीन ऑनलाइन साठे वापरतोय: गूगल बुक्स, इंटरनेट आर्काइव्ह आणि अमेरिकेतल्या व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह. तिन्ही फुकट. चकचकीत, कौतुकाचे लेख हवे असतील तर पहिला बघा. इंजिन जवानाच्या हातात कसं वागायचं हे हवं असेल, तर थेट विद्यापीठाच्या संग्रहाकडे जा.

हा नाद लागला अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) रणगाडा संग्रहालयामुळे. तिथल्या विजयंत रणगाड्याच्या पोटात लेलँड कंपनीचं एल६० इंजिन. सहा सिलिंडर पण पिस्टन बारा, प्रत्येक सिलिंडरात दोन समोरासमोर. १९५७ मध्ये नाटोनं धोरण ठरवलं की लष्करी इंजिनं मिळेल त्या इंधनावर चालली पाहिजेत. ब्रिटननं ते मनावर घेतलं आणि चीफ्टन रणगाड्यात हेच इंजिन घालून पुढं वर्षानुवर्षं त्याचे बिघाड निस्तरत बसले. पण एल६०साठी अमेरिकी लोकप्रिय मासिकं फारशी कामाची नाहीत. तिथं खरा खजिना आहे तो अमेरिकी लष्कराच्या एम३५ या अडीच टनी ट्रकचा.

गूगल बुक्सवर पॉप्युलर सायन्स १८७२ पासून आणि पॉप्युलर मेकॅनिक्स १९०५ पासून, जाहिरातींसकट पानन् पान वाचता येतं. वाचायला मजा येते, शोधायला मात्र डोकं लागतं. नुसतं ‘मल्टी-फ्युएल’ टाकलंत तर निम्मे लेख निसटतील. या मासिकांचे कॉलम अरुंद; शब्द ओळीच्या टोकाला तुटतो, अर्धा खाली जातो आणि स्कॅन वाचणाऱ्या यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. त्यामुळे विषयाच्या नावानं शोधू नका, इंजिनाच्या नावानं शोधा: एलडी-४६५ (एम३५मधलं इंजिन), काँटिनेंटल (ते बनवणारी कंपनी), हायपरसायकल (अर्थात रोमन लिपीत). हे हायपरसायकल म्हणजे जर्मनीच्या मान कंपनीतल्या सिगफ्रीड मॉयररच्या पद्धतीवर बेतलेली ज्वलनाची तऱ्हा. इंधन हवेत न फवारता पिस्टनच्या डोक्यातल्या गोल वाटीच्या भिंतीवर मारायचं. ते हळूहळू वाफ होऊन जळतं, म्हणून पेट्रोलसुद्धा ठोके न देता पचतं. कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण) तब्बल २२:१. हे एकदा कळलं की शोधायला आणखी शब्द मिळतात.

दुसरी गंमत म्हणजे लेख सलग नसतो. अंकाच्या सुरुवातीच्या पानांवर दोन-तीन परिच्छेद, एक झकास कटवे चित्र (यंत्र कापून आतलं दाखवणारं), आणि मग ‘पुढे चालू’ म्हणून शंभरेक पानांनंतर पार अंकाच्या शेवटाकडे, घरबसल्या कमाईच्या आणि स्पार्क प्लगच्या जाहिरातींत कोंबलेला शेवटचा तुकडा. तांत्रिक माल बहुतेक वेळा त्या तुकड्यातच असतो. शोधात पहिलं पान सापडलं म्हणून तिथंच थांबू नका.

या लेखांचा सूर सगळा ‘टाकीत काहीही ओता, ट्रक पळेल’ असा. खोटं नाही, पण अर्धवट. डिझेलपेक्षा पेट्रोल हलकं, लिटरमागे त्यात ऊर्जा कमी, म्हणून इंधन फवारणाऱ्या इंजेक्शन पंपावर डेन्सिटी कॉम्पेन्सेटर नावाची भानगड बसवलेली असते. ती इंधन ओळखून पंपाचा पुरवठा कमी-जास्त करते. शिवाय पंपाला वंगण मिळतं ते इंधनातूनच आणि पेट्रोल त्या बाबतीत कोरडं. ही बाजू कळते ती विद्यापीठाच्या संग्रहातल्या पीएस मॅगझिनमधून. अमेरिकी लष्कराचं हे देखभालीचं मासिक १९५१ मध्ये सुरू झालं. विल आयझनरची चित्रकथा, कॉनी रॉड नावाची नायिका, आणि फिल्टरमधलं पाणी काढलंस का म्हणून जवानाला झापणं. संग्रहात १९५१ ते १९७१ चे अंक आहेत. एम३५ कुटुंबासाठी साठच्या दशकातले अंक एकामागून एक चाळा. शोधपेटीपेक्षा चाळण्यातच जास्त सापडतं, हे माझं ठाम मत.

इंटरनेट आर्काइव्हला मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो, पण पीडीएफ उतरवून ठेवता येते हा त्याचा मोठा फायदा. शोधताना मजकुरात शोधण्याचा पर्याय निवडा, नाहीतर फक्त शीर्षक, वर्णन असली वरवरची माहितीच तपासली जाते. मासिकाशेजारी एम३५ची टीएम ९-२३२०-२०९ मालिकेतली लष्करी पुस्तिका उघडी ठेवली की कुठला भाग कशाला म्हणतात हे लगेच उलगडतं.

छापील कात्रणं विकत घ्यायची असतील तर जपून. एका विक्रेत्यानं ‘मल्टी-फ्युएल लेख’ म्हणून मला पाठवलं ते कंपनीच्या जाहिरातीचं एक पान निघालं, आणि टपालखर्च कागदापेक्षा जास्त. आता मी विक्रेत्याकडून आधी पान क्रमांक मागतो, गूगल बुक्सवर तो अंक उघडून ताडून बघतो आणि स्कॅनमध्ये पान कापलं गेलं असेल तरच पैसे टाकतो.