8,43,500 रुपये घेऊन गुत्तेदार पसार, सळया तशाच गंजलेल्या

तीस वर्षांपुढच्या इमारतीत राहत असाल तर हे वाचाच. आमची इमारत 1992 ची, म्हणजे किल्लारीचा भूकंप सोसलेली. खाली दुकानं, वर बारा घरं. जिन्याच्या बीमला सळईच्या रेषेत लांब भेगा पडल्या होत्या. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करावी लागते, म्हणून सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने मी मागे लागलो. नेमका तेव्हाच हा गुत्तेदार दारात आला. ऑडिट तोच करणार, दुरुस्ती तोच करणार, फायरचा फॉर्मही (आग विझवायची साधनं चालू असल्याचा दाखला, फॉर्म बी) तोच देणार. असा माणूस आला तर उंबऱ्यावरूनच परत पाठवा. तपासणारा इंजिनिअर वेगळा आणि काम करणारा वेगळाच हवा.

ऑडिटचे 25,000. पहिला हप्ता 3,50,000, दुसरा 4,00,000. फायरचे 68,500.

काँक्रीटची ताकद अजमावायचा रिबाउंड हॅमर त्याने गिलाव्यावरच मारला. खरं तर गिलावा काढून, काँक्रीट घासून मगच मारायचा असतो. पण मनातून जात नाही ती गोष्ट पुढची आहे. काम झाल्यावर, रंग देण्याआधी, त्याने सगळ्यांना जिन्यात बोलावलं आणि बीमवर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं, म्हणजे अल्कली असेल तिथे गुलाबी होणारं रसायन. क्षणात गर्द गुलाबी. "बघा सर, काँक्रीट पुन्हा जिवंत झालं!" अहो, ताज्या सिमेंटवर ते गुलाबी होणारच! ही चाचणी दुरुस्तीआधी करायची, जुनं काँक्रीट फोडून, ताज्या तुटलेल्या भागावर. सळईपर्यंत रंग येत नसेल तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने आतली अल्कली संपवली, सळईचं कवच गेलं, असा त्याचा अर्थ. आता लोक मला म्हणतात, जन्मभर रसायनशास्त्र शिकवलंत, मग कळलं कसं नाही? मी शाळेत टायट्रेशन शिकवलं, स्लॅब दुरुस्त करायला नाही. आणि तिथे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थही मान डोलावत उभे होते. त्यांना कुणी जाब विचारत नाही.

पावसाळ्यात गॅलरीचा लेप सुटून पडला. आत सळईवर गंजाचे पापुद्रे तसेच, बोटाने निघत होते. ना घासलेलं, ना गंज रोखणारा झिंक प्रायमर, ना दुरुस्तीचं पॉलिमर मॉर्टर. नुसतं वाळू-सिमेंट, तेही आमच्या बोअरच्या खारट पाण्यात कालवलेलं. खारं पाणी म्हणजे क्लोराइड, म्हणजे सळईला आणखी गंज. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. वरून लेप थापून तो थांबत नाही. आणि सळईवरचं काँक्रीटचं कव्हर सुटलं की आगीतही सळई उघडी. 550 ते 600 अंशांवर पोलादाची ताकद निम्म्यावर येते.

फायरचे सिलिंडर म्हणजे जुन्या नळकांड्यांना लाल रंग. खरवडल्यावर मानेवर 2009 चा शिक्का निघाला. जानेवारी आणि जुलैच्या फॉर्म बीवरचा लायसन्स नंबर दुसऱ्याच एजन्सीचा. सही करण्याआधी तो अग्निशमन सेवेच्या यादीत तपासा.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला आहे, वकील बघा. पालिकेत म्हणाले, इमारत खासगी, इंजिनिअर तुम्हीच नेमला. फायरवाल्यांनी तर कमालच केली. खोटा फॉर्म दाखवला, तर म्हणे जबाबदारी मालक-भोगवटादाराची, नोटीस तुम्हालाच निघेल! सहकार खात्यात तक्रार टेबलावर ठेवली, तर साहेबांनी तीन कोटेशनं आणि ठराव कुठे म्हणून मलाच झाडलं. ठराव होता, दाखवला, तरी अर्ज घेऊन जा म्हणाले. लोकांच्या डोक्यावर स्लॅब लोंबतोय आणि हे टपालाचा शिक्का शोधतात. चोराला एकाने फोनसुद्धा केला नाही!

पैसे कामाच्या टप्प्यानुसार द्या. गिलावा चढण्याआधी सळयांचे फोटो काढा. मटेरियलच्या रिकाम्या गोण्या मोजून ठेवा. नव्या लेपावर हातोडी वाजवा, पोकळ आवाज आला की बिल थांबवा.

ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला फी 200 रुपये. आम्ही ती भरली आहे, आणि जिन्याच्या बीमला सध्या लोखंडी टेकू लावलेत, त्यांचं भाडं वेगळं चालू आहे.